ख्यालाचं रेकॉर्डिंग दुसऱ्याला ऐकायला सुचवताना

गेल्या दिवाळीत मी माझ्या भाच्याला एका संध्याकाळी ख्यालाचे, म्हणजे एखादा राग विस्तारानं उलगडणाऱ्या गाण्याचे, नऊ दुवे पाठवले. किशोरीताई, मल्लिकार्जुन मन्सूर, अमीर खाँसाहेब, सगळे. "नक्की ऐकतो मामा" असं उत्तर आलं. पाडव्याला समोरासमोर बसलो तेव्हा कळलं की त्यानं पहिला दुवा उघडला होता, चार मिनिटं ऐकलाही होता. "गाणं अजून सुरू झालं नसावं, मधेच तुटलेली फाइल असेल" असं समजून त्यानं तो बंद केला. विलंबित ख्याल रंगात यायला लागला होता आणि त्याला वाटत होतं की तयारी चालली आहे. विलंबित म्हणजे संथ लयीतलं गाणं, ते असंच सावकाश फुलतं, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

तेव्हापासून मी रेकॉर्डिंग सुचवायची एक पद्धत पाळतो. ओळखीतल्या बऱ्याच रसिकांच्या हातून याच चुका होताना पाहतो, म्हणून ती क्रमानं लिहितो आहे. यात क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण सहाव्या पायरीपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

पायरी १ : आधी स्वतः पुन्हा ऐका, वही घेऊन

आवडलेलं रेकॉर्डिंग आपल्याला पाठ आहे असं वाटत असतं. बहुतेकदा पाठ असते ती जुनी आठवण. तीस वर्षांपूर्वी कॅसेटवर ऐकलेला यमन आणि आज त्याच नावानं सापडणारा यमन ही दोन वेगळ्या मैफलींची रेकॉर्डिंग असू शकतात. म्हणून सुचवण्याआधी किमान दोनदा ऐकायचं.

पहिल्यांदा सलग, मधे न थांबता. दुसऱ्यांदा घड्याळाकडे लक्ष ठेवून. या दुसऱ्या वेळी वहीत एवढं टिपा:

- गायक किंवा वादक, आणि ऐकू येत असेल तर साथ काय आहे: पेटी आहे की सारंगी, मागे शिष्य गाताहेत का.
- राग, ताल, आणि बंदिशीचा (रागात बांधलेल्या गीताचा) मुखडा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी सुरुवातीची ओळ, ऐकू येते तशी. नंतर शोधताना मुखड्याचे शब्दच सगळ्यात जास्त उपयोगी पडतात.
- विलंबित कुठे संपतं आणि द्रुत, म्हणजे जलद लयीतलं गाणं, कुठे सुरू होतं, ते मिनिट.
- स्टुडिओतलं, आकाशवाणीवरचं की मैफलीतलं.
- तुम्हाला सगळ्यात जास्त आवडलेली एक जागा, आणि तिचं मिनिट-सेकंद.

शेवटचा मुद्दा सोडू नका. आपण मैफलीतून बाहेर पडताना "काय जागा घेतली!" असं म्हणतो तीच ही जागा. पुढची सगळी पद्धत तिच्यावर उभी आहे. सगळंच सुंदर आहे असं वाटत असेल तर अजून एकदा ऐका, एक जागा वेगळी दिसेल. दोन ऐकण्यांनंतरही ती सापडली नाही, तर ते रेकॉर्डिंग तुम्हाला आवडत असलं तरी दुसऱ्याला सुचवायला अजून तयार नाही असं समजा.

तपासा : शीर्षकात लिहिलेल्या रागाच्या नावावर विसंबू नका. हौशी लोकांनी चढवलेल्या रेकॉर्डिंगवर रागाचं नाव चुकलेलं सर्रास आढळतं, आणि चुका ठरावीक ठिकाणीच होतात. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच: सा रे ग प ध (षड्ज, रिषभ, गंधार, पंचम, धैवत). भूपात गंधारावर मुक्काम असतो. देशकारात चलन धैवताभोवती, वरच्या अंगानं चालतं, आणि तो सकाळचा राग आहे. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचंही तसंच: स्वर तेच सहा, पण मारवा रिषभ-धैवतावर उभा, पूरिया गंधार-निषादावर आणि खालच्या अंगात, तर सोहनी तार षड्जाभोवती, म्हणजे वरच्या 'सा'भोवती. मी स्वतः एकदा देशकाराचं रेकॉर्डिंग "भूप" म्हणून तिघांना पाठवलं होतं. त्यातल्या एका बाईंनी पुढे दोन महिने खरा भूप ऐकताना "हा वेगळाच वाटतो" म्हणून गोंधळ सोसला. शंका असेल तर रागाचं नावच लिहू नका, मुखडा लिहा.

पायरी २ : समोरच्याला चार गोष्टी विचारा

"तुला शास्त्रीय संगीत आवडतं का?" हा प्रश्न विचारू नये. त्याला फक्त होय किंवा नाही एवढंच उत्तर येतं आणि दोन्हींचा उपयोग शून्य. त्याऐवजी हे विचारा:

सध्या काय ऐकताय? गेल्या आठवड्यात पुन्हा पुन्हा लावलेलं गाणं कोणतं?
ऐकता कधी? स्वयंपाक करताना, लोकलमध्ये, गाडी चालवताना, की निजण्याआधी?
कशावर ऐकता? फोनच्या स्पीकरवर, इयरफोनवर, की घरात मोठे स्पीकर आहेत?
सलग किती वेळ मिळतो?

ही चौकशी वाटता कामा नये. गप्पांच्या ओघात दोन दिवसांत सगळं कळतं. नाशिकहून मुंबईला रोज ये-जा करणाऱ्या माणसाकडे सलग तीन-साडेतीन तास असतात, पण आजूबाजूला गलका असतो. घरी लहान मूल असलेल्या आईला रात्री पंधरा मिनिटं शांतता मिळते. या दोघांना एकच रेकॉर्डिंग सुचवणं चूक, मग दोघांची आवड अगदी एकसारखी असली तरी.

तिसऱ्या प्रश्नाला लोक महत्त्व देत नाहीत, म्हणून कारण सांगतो. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला 'सा' धरून) गाणाऱ्या गायकाच्या मध्य षड्जाची कंपनसंख्या सेकंदाला साधारण १३९ असते, खर्जाची, म्हणजे खालच्या 'सा'ची, त्याच्या निम्मी. फोनचा इवलासा स्पीकर एवढे खालचे स्वर नीट वाजवूच शकत नाही. तानपुऱ्याचा खर्ज नाहीसा होतो, मंद्रातले (खालच्या सप्तकातले) आलाप पातळ होतात आणि उरते ती पेटीची किरकिर. मंद्र सप्तकात रमणारं गाणं फोनच्या स्पीकरवर ऐकायला सांगणं म्हणजे त्यातला अर्धा ऐवज काढून घेऊन उरलेला देणं.

पायरी ३ : लांबी ठरवा, मग गायक

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. आपण गायक आधी ठरवतो. मग त्याचं आपल्याला आवडणारं रेकॉर्डिंग शोधतो, ते बावन्न मिनिटांचं निघतं आणि तेच पाठवून मोकळे होतो.

उलट करा. लांबी आधी. आपल्याकडे तीन मापं तयारच आहेत, कारण ती ज्या साधनावर गाणं मुद्रित झालं त्या साधनानं ठरवली आहेत.

*तीन-साडेतीन मिनिटं.* ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू. विलंबित एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, चाळीस-पन्नास सेकंद, कधी मिनिटभरही चालतं. तीन मिनिटांत अशी तीन-चार आवर्तनंच बसतील. म्हणून त्या काळच्या गवयांनी तबकडीसाठी लय वाढवली, पसारा आवरला आणि मोजक्या जागा घेतल्या. अब्दुल करीम खाँसाहेबांचं "पिया बिन नाही आवत चैन" किंवा केसरबाई केरकरांच्या तबकड्या याच मापातल्या. अगदी नवख्याला हे माप सोसतं. अडचण एकच, आवाजात खरखर असते. ती आधी सांगून ठेवली तर माणूस दुसऱ्या मिनिटाला विसरतो. न सांगितली तर तिच्यापाशीच अडकतो.

*वीस-बावीस मिनिटं.* एलपीची, म्हणजे लाँग प्ले तबकडीची, एक बाजू. माझ्या मते सुचवायला सगळ्यात उत्तम माप हेच. या वेळात बडा ख्याल (विलंबित) आणि छोटा ख्याल (द्रुत) दोन्ही येतात, पण गायकाला नेमकं निवडावं लागतं. किशोरी आमोणकरांच्या भूपात आधी "प्रथम सूर साधे" हे विलंबित आणि मग "सहेला रे". प्रभा अत्र्यांच्या मारुबिहागात शेवटी येणारं "जागूं मैं सारी रैना", कलावतीतलं "तन मन धन". आपल्यापैकी कित्येक जण या एलपींवरच ख्याल ऐकायला शिकले.

*चाळीस मिनिटं ते दीड तास.* मैफल. ज्याला एलपीच्या बाजूची सवय झाली आहे त्यालाच. मिरजेच्या दर्ग्यातल्या संगीतसभेत रात्रभर बसून ऐकणाऱ्याला तास म्हणजे काहीच वाटत नाही, पण तो तिथे मांडी घालून बसलेला असतो, आजूबाजूला दाद देणारी माणसं असतात. एकट्यानं इयरफोन लावून तास ऐकणं ही फार वेगळी कसरत आहे.

सावध : "पहिली वीस मिनिटं सोडून दे, मग मजा आहे" असं सांगून मैफलीचं रेकॉर्डिंग पाठवू नका. आलापीशिवाय, म्हणजे रागाच्या संथ विस्ताराशिवाय, तान (जलद स्वरांची लड) ऐकली की ती नुसती वेगवान वाटते. द्रुतच ऐकवायचं असेल तर स्वतंत्र छोटा ख्याल किंवा तराणा निवडा.

पायरी ४ : त्याच्या ऐकण्यातून रस्ता काढा

आता पायरी दोनमधली उत्तरं उघडा. माणूस आज जे ऐकतो त्यातूनच ख्यालाकडे जाणारी वाट निघते. काही वाटा मी स्वतः अनेकदा वापरल्या आहेत.

अभंग ऐकणारा माणूस. भीमसेनजींचा आवाज त्याच्या कानात आधीच आहे, आषाढीच्या आसपास तर घराघरांत असतो. त्याला गायक बदलून देऊ नका. त्याच आवाजातला छोटा ख्याल द्या. अभंगाचा शेवट चढत्या लयीत होताना त्याला जो जोम जाणवतो तोच तिथे तानेत भेटेल. निर्गुणी भजनं ऐकणाऱ्याला कुमार गंधर्वांचेच ख्याल. आवाज टाकण्याची, मधेच थांबण्याची त्यांची तऱ्हा त्याला ओळखीची असते, म्हणून परकं वाटत नाही.

नाट्यपदं ऐकणारा. हा तर अर्धा रस्ता चाललेला आहे. 'कट्यार काळजात घुसली' या १९६७ सालच्या नाटकात "घेई छंद मकरंद" हे एकच पद दोन निराळ्या गायकींत येतं. ते ज्यानं मन लावून ऐकलं आहे त्याला "शब्द तेच, मांडणी वेगळी" हे समजावून सांगावं लागत नाही. त्याला एकाच बंदिशीची दोन रेकॉर्डिंग द्यावीत. दोन मात्र एकदम नाहीत, आठवड्याच्या अंतरानं.

हिंदी सिनेमाची जुनी गाणी ऐकणारा. याला शब्द हवे असतात. बंदिशीचे शब्द ज्यांच्या गाण्यात स्वच्छ ऐकू येतात असा गायक निवडा आणि मुखडा लिहून पाठवा. एखादं सिनेगीत कोणत्या रागात आहे हे सांगून त्या रागाचा ख्याल पाठवायची पद्धत फार प्रचारात आहे, मला ती पसंत नाही. माणूस वीस मिनिटं ख्यालात ती चाल शोधत बसतो, सापडली नाही की हिरमुसतो.

गिटार, पाश्चात्त्य वाद्यवृंद, किंवा नुसतंच शब्दांविना संगीत ऐकणारा. याला कंठसंगीत पहिल्यांदा देऊच नका. 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ सालची ध्वनिमुद्रिका द्या: शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या धनगराचा एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत असा तिचा क्रम आहे, अहिर भैरवानं सुरू होऊन पहाडीपर्यंत. रागाची वेळ म्हणजे काय हे व्याख्यान न देता इथे कळतं.

आणि एक वाट जी पहिल्यांदा घेऊ नये, जरी माझ्या सगळ्यात प्रेमाची असली तरी. अमीर खाँसाहेबांची ती एलपी, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. विलंबित झुमरा ताल, चौदा मात्रा, अतिशय संथ. मारव्यात षड्ज टाळत टाळत जायचं असतं. गायक रिषभ-धैवतावर उभा राहतो आणि कानाला घरी परतू देत नाही. ज्याचा कान षड्ज ओळखायला शिकला आहे त्याला ती हुरहूर गोड लागते. नवख्याला फक्त अस्वस्थ वाटतं, आणि का ते कळत नाही. हे रेकॉर्डिंग सहाव्या-सातव्या वेळी द्या.

पायरी ५ : नेमकं कोणतं रेकॉर्डिंग, ते पक्कं करा

"भीमसेनजींचा पूरिया ऐक" या वाक्याला अर्थ नाही. एकाच गायकाचा एकच राग एलपीवर, कॅसेटवर, आकाशवाणीवर आणि खासगी मैफलींत मिळून कितीतरी ठिकाणी असतो. चाळीशीतला आवाज आणि सत्तरीतला आवाज यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. जे तुम्ही पायरी १ मध्ये ऐकलंत तेच त्याच्यापर्यंत पोचलं पाहिजे.

दुवा पाठवण्याआधी तीन गोष्टी बघा.

शेवट कापलेला आहे का. कॅसेटची एक बाजू ३० किंवा ४५ मिनिटांत संपायची, आणि घरगुती रेकॉर्डिंग ऐन तानेत तुटायचं. असं रेकॉर्डिंग सुचवायचंच असेल तर आधी कल्पना द्या.

विलंबित आणि द्रुत वेगळ्या तुकड्यांत आहेत का. असतील तर दोन्ही दुवे, क्रमांक घालून.

वेग बरोबर आहे का. जुन्या तबकड्या आणि टेपवरून उतरवताना वेग चुकतो. पट्टी अर्ध्या सुरानं चढली म्हणजे वेग साधारण ६ टक्क्यांनी वाढलेला असतो. बावीस मिनिटांची बाजू मग पावणेएकवीस मिनिटांत संपते. फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावून गायकाचा षड्ज जुळवून पाहा. नेहमी काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये सापडला तर शंका घ्या आणि दुसरी प्रत शोधा. आवाज किंचित चिरका, तबला किंचित टिपरीसारखा वाटतो, हीसुद्धा खूण आहे.

पायरी ६ : चिठ्ठी लिहा

नुसता दुवा कधीही पाठवू नका. सोबत चार-पाच ओळींची चिठ्ठी हवी. तिच्यात काय असावं ते सांगण्याआधी, नेहमी काय असतं ते बघा:

> "आवर्जून ऐका!! स्वर्गीय!! असा भूप पुन्हा होणे नाही. डोळ्यांत पाणी आलं."

हे वाचून समोरच्यावर दडपण येतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तर? मग तो उत्तरच देत नाही, किंवा खोटं "अप्रतिम" लिहितो. दोन्ही वेळी संवाद तिथेच संपतो. शिवाय कुठे काय ऐकायचं हे त्याला कळलेलंच नसतं.

मी वहिनींना पाठवलेली चिठ्ठी अशी होती:

> "वहिनी, हे २१ मिनिटांचं आहे. रात्री आवराआवर झाली की इयरफोन लावून ऐका. सुरुवातीला फार संथ वाटेल, तसंच असतं, काही बिघडलेलं नाही. शब्दांकडे लक्ष देऊ नका. सुरुवातीची ओळ ती पुन्हा पुन्हा कशी म्हणते आणि दर वेळी तबल्याच्या ठोक्यावर कशी नेमकी येऊन बसते तेवढंच बघा. मला सगळ्यात आवडते ती जागा साडेनवाव्या मिनिटाच्या आसपास आहे, ती पंचमावर थांबते तिथली. नाही आवडलं तरी सांगा, मला राग येणार नाही."

या चिठ्ठीत पाच गोष्टी आहेत आणि पाचही हव्यात: किती वेळ लागेल, केव्हा आणि कशावर ऐकायचं, काय खटकेल आणि ते का ठीक आहे, कान कुठे लावायचा (फक्त एक गोष्ट), आणि तुमची स्वतःची एक जागा, मिनिटासकट. शेवटची परवानगी, नाही म्हणायची, ती मनापासून द्या.

कान लावायची गोष्ट खरोखर एकच ठेवा. नवख्यासाठी मी बहुतेक वेळा मुखडा आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, देतो, कारण ती मोजता येते. मुखडा ओळखता आला, तो समेवर पडताना कळला, की पुढच्या आवर्तनाला माणूस आपोआप वाट बघू लागतो. ही वाट बघणं सुरू झालं की तो श्रोता झाला. घराणं, वादी-संवादी, गुरुपरंपरा, पुरस्कार यांतलं काहीही पहिल्या चिठ्ठीत नको. त्यानं विचारलं तर सांगावं, आणि विचारतोच.

रागाच्या वेळेचं काय? मी तिचा आग्रह धरत नाही, पण फायदा घेतो. सकाळचा राग सकाळी पाठवतो, सांजवेळचा सहा-साडेसहाला. पाठवलेल्या वेळीच तो ऐकला जाण्याची शक्यता जास्त असते आणि बाहेरचा उजेड मदत करतो. मालकंस दुपारी दोनला ऐकला म्हणून कुणाला टोकू नका.

पायरी ७ : त्याच्या फोनची मांडणी नीट करून द्या

ही पायरी लोकांना क्षुल्लक वाटते. माझ्या अनुभवात निम्मी नापसंती इथून येते.

गाणी ऐकवणारी ॲप तीन-चार मिनिटांच्या गाण्यांसाठी बनवलेली आहेत. त्यातलं शफल चालू असेल तर द्रुत आधी आणि विलंबित नंतर वाजतं, आणि 'कॉल ऑफ द व्हॅली'त रात्र आधी होऊन मग पहाट. क्रॉसफेड चालू असेल तर एका तुकड्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळतो, विलंबिताची शेवटची सम आणि द्रुताचा मुखडा एकमेकांवर पडतात. ऑटोप्ले चालू असेल तर भैरवी संपून एक क्षणही न जाता कुठलंतरी रीमिक्स सुरू होतं. पैसे न भरलेल्या खात्यात जाहिरात आलापीच्या मधोमध घुसते.

भेटाल तेव्हा त्याचा फोन हातात घेऊन ही तिन्ही बंद करून द्या. लांब असाल तर व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटांत होतं. जाहिरातींवर उपाय म्हणजे ज्या संग्रहात त्या नाहीत तिथला दुवा देणं, किंवा तुमच्याकडे सीडी असेल तर सरळ ती नेऊन देणं. सीडी उसनी दिली की ती परत करायला माणूस येतो आणि बोलणं होतं, हा त्यातला मोठा फायदा.

तपासा : पाठवायचा दुवा एकदा तुमचं खातं नसलेल्या दुसऱ्या फोनवर उघडून बघा. तुमच्याकडे चालणारा दुवा त्याच्याकडे "उपलब्ध नाही" असं सांगतो, आणि संकोचानं तो तुम्हाला तसं कळवत नाही. परदेशातल्या नातेवाइकांना पाठवताना हे हमखास होतं.

पायरी ८ : पाठवल्यावर गप्प राहा

किमान आठ दिवस. "ऐकलंस का?" हा प्रश्न विचारू नका. त्या आठ दिवसांत दुसरा दुवाही पाठवू नका, कितीही मोह झाला तरी. दुसरा दुवा गेला की पहिला न ऐकताच जुना होतो.

आठ दिवसांनी विचारायचं ते असं: "तुला त्यात कुठे थांबावंसं वाटलं?" याला उत्तर देताना माणूस आठवू लागतो. "मधे एका ठिकाणी तिनं आवाज अगदी बारीक केला ना, तिथे" असं काहीतरी येतं. ती त्याची जागा. तुम्ही दाखवलेल्या जागेपेक्षा वेगळी असेल तर फार चांगलं. लगेच ते मिनिट शोधून स्वतः पुन्हा ऐका.

उत्तर "नाही जमलं" असं आलं तर कितव्या मिनिटाला बंद केलं ते विचारा. सहज, जाब विचारल्यासारखं नव्हे. पहिल्या तीन मिनिटांत बंद केलं तर संथ लयीची अडचण आहे, पुढच्या वेळी मध्यलयीतलं काही द्या. दहाव्या-बाराव्या मिनिटाला केलं तर लांबी जास्त झाली. पूर्ण ऐकून "आवाज नाही आवडला" म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका. आवाज आवडणं-न आवडणं ही वादानं बदलणारी गोष्ट नव्हे. तो आवाज बाजूला ठेवा, राग तोच ठेवून गायक बदला.

पायरी ९ : दुसरं रेकॉर्डिंग देताना एकच गोष्ट बदला

राग तोच, गायक वेगळा. किंवा गायक तोच, राग वेगळा. किंवा दोन्ही तेच आणि लांबी वाढवलेली: एलपीचा भूप आवडला तर मैफलीतला भूप. तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या की आधीचं ऐकणं वाया जातं, माणूस पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो.

माझा स्वतःचा कल पहिल्या प्रकाराकडे आहे. एकच राग चार-पाच आवाजांत ऐकला की राग कुठला आणि गायक कुठला हे कानात आपोआप वेगळं व्हायला लागतं. यासाठी एक महिना एक राग धरावा. भाच्याबरोबर मी हेच केलं. जानेवारीभर फक्त भूप, दर रविवारी एक. चौथ्या रविवारी त्यानं स्वतः शोधून पाचवं रेकॉर्डिंग मला पाठवलं, एका तरुण गायिकेचं, जे मी ऐकलेलं नव्हतं.

सुचवलेलं आपल्याकडे येतं तेव्हा

भाच्याचा दुवा आला तेव्हा माझ्याकडून पुन्हा एक चूक होता होता राहिली. मी लिहायला घेतलं होतं, "छान आहे, पण किशोरीताईंचा ऐकल्यावर…" ते पुसलं. कुणी सुचवलेलं ऐकताना तुलना लिहू नये, निदान पहिल्या उत्तरात नाही. सलग ऐकावं, एक जागा शोधावी, मिनिटासकट कळवावी. तेरावं मिनिट, अंतऱ्यातून मुखड्यावर परत येताना ती जी छोटी वळणदार तान घेते, ती मला फार आवडली, एवढंच मी लिहिलं.

यासाठी वहीत दोन वेगळी पानं ठेवा: दिलेलं आणि आलेलं. प्रत्येक ओळीत तारीख, नाव, रेकॉर्डिंग, जागा, आणि समोरच्यानं सांगितलेली जागा. "सध्या काय ऐकताय?" असं कुणी विचारलं की उत्तर त्या आलेल्याच्या पानावरून द्या, आणि ज्यानं सुचवलं त्याचं नाव घेऊन द्या. माझ्या वहीत सध्याची शेवटची ओळ आलेल्याच्या पानावर आहे: वहिनींनी धाडलेली एक भैरवी, बारा मिनिटांची, सोबत चार ओळींची चिठ्ठी. शनिवारी रात्री ऐकायची आहे, इयरफोन लावून, त्यांनी लिहिलंय तशी.